तीस मार्कांची प्रयोगशाळा : बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलची तयारी

बारावी सायन्सला केमिस्ट्रीचे सत्तर मार्क लेखी आणि तीस प्रात्यक्षिकाचे. सत्तर मार्कांसाठी दोन वर्षं क्लास असतो, टेस्ट सिरीज असते, रात्रीची जागरणं असतात. तीस मार्कांसाठी मात्र आमच्यासारख्या ‘टाय-अप’वाल्यांना (प्रवेश कॉलेजात, शिकणं क्लासमध्ये) प्रयोगशाळा उघडली ती थेट १६ डिसेंबरला. सोमवार आणि गुरुवार, दुपारी दोन ते साडेचार. १६ जानेवारीपर्यंत अशा मोजून दहा दुपारी. त्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, मंडळाच्या प्रात्यक्षिक परीक्षा २४ जानेवारी ते १० फेब्रुवारी होत्या आणि ११ फेब्रुवारीपासून लेखी सुरू. आमच्या बॅचचा नंबर ३ फेब्रुवारीला लागला. दहा दुपारींत काय काय बसतं आणि काय हमखास चुकतं, ते क्रमाने लिहितो.

पहिल्या दिवसाआधी एप्रन (२८० रुपये), कॉलेजच्या स्टोअरमधलं छापील जर्नल (१४०) आणि लॉग टेबलचं पातळ पुस्तक (२५) घ्यावं लागलं. एप्रन सुती घ्या. टेरिकॉटला बर्नरची आच लागली की ते वितळून कातडीला चिकटतं. घरून एक जुना सुती रुमाल आणि काचेवर लिहिणारं मार्कर पेन न्या. रॅकमधल्या आठ टेस्ट ट्यूब एकसारख्याच दिसतात. तिसऱ्या ग्रुपच्या चाचणीची कुठली आणि मूळ द्रावणाची कुठली, हे पंधरा मिनिटांनी कुणालाच आठवत नाही.

पहिल्या दोन दुपारी ब्युरेट-पिपेटच्या. ब्युरेट म्हणजे आकडे आखलेली, खाली तोटी असलेली उभी काचनळी, आणि पिपेट म्हणजे ठरावीक माप उचलायची नळी. सगळ्यात कंटाळवाण्या वाटतात, पण मार्क इथेच सांडतात.

ब्युरेट आधी नळाच्या पाण्याने, मग डिस्टिल्ड वॉटरने आणि शेवटी जे द्रावण भरायचं त्याच द्रावणाने, पाच-सहा मिलीलीटर घेऊन, आडवी फिरवून धुवायची. पिपेटचंही तसंच. कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने. फ्लास्क द्रावणाने धुतला तर पिपेटने मोजून घेतलेल्या दहा मिलीलीटरमध्ये न मोजलेलं द्रावण मिसळतं आणि रीडिंग वाढतं. फ्लास्कमध्ये उरलेल्या साध्या पाण्याने मात्र काहीच बिघडत नाही, कारण आत गेलेला पदार्थ तेवढाच राहतो. ही एवढी गोष्ट कळली की कुठलं भांडं कशाने धुवायचं हे पाठ करावं लागत नाही.

ब्युरेट भरल्यावर फनेल काढून बाजूला ठेवा. फनेलच्या टोकाला लटकलेला थेंब नेमका तिसऱ्या रीडिंगच्या मध्यावर पडतो. तोटीच्या खाली, नोझलमध्ये हवेचा बुडबुडा असतो. तो घालवायला कॉक पूर्ण उघडून एक झटक्यात थोडं द्रावण जाऊ द्यायचं. बुडबुडा राहिला आणि टायट्रेशन (फ्लास्कमधल्या द्रावणाला ब्युरेटमधलं किती लागतं ते मोजणं) चालू असताना निघून गेला, तर तेवढं द्रावण फ्लास्कमध्ये न पडताच मोजलं जातं. पोटॅशियम परमँगनेटसाठी काचेच्या कॉकची ब्युरेट लागते. पिंचकॉक लावलेल्या रबरी नळीची चालत नाही, कारण परमँगनेट रबर खातं. कॉलेजच्या कपाटात दोन्ही प्रकार असतात, आपल्या वाट्याला कुठली आली हे आधी बघून घ्यावं.

पिपेटमध्ये शेवटचा थेंब उरतो. तो फुंकून काढायचा नाही. टोक फ्लास्कच्या आतल्या भिंतीला टेकवायचं, आपोआप उतरेल तेवढं उतरू द्यायचं आणि उरलं ते उरलं. पिपेट त्या उरलेल्या थेंबासकटच आखलेली असते. रंगहीन द्रावणाचं रीडिंग खालच्या वक्र पातळीला, डोळा त्याच उंचीवर ठेवून. परमँगनेट इतकं गडद असतं की खालची कड दिसतच नाही, म्हणून ते वरच्या पातळीला वाचतात. एकदा वरून आणि एकदा खालून वाचलं की एका सेकंदात दोन-तीन दशांशांचा फरक पडतो.

तिसऱ्या दुपारी खरं टायट्रेशन. फेरस अमोनियम सल्फेट, म्हणजे मोहर सॉल्ट, विरुद्ध परमँगनेट. मोहर सॉल्टचं रेणुवस्तुमान ३९२. लिटरमध्ये तेवढे ग्रॅम म्हणजे एक मोलर, म्हणून ०.१ मोलर द्रावण १०० मिलीलीटर करायचं तर ३.९२ ग्रॅम. पाण्यात विरघळवण्याआधी थोडं पातळ सल्फ्युरिक ॲसिड घालावं लागतं, नाहीतर फेरसचं (म्हणजे +२ लोहाचं) जलापघटन होऊन द्रावण गढूळ होतं. फ्लास्कमध्ये पिपेटने १० मिलीलीटर मोहर सॉल्टचं द्रावण, एक टेस्ट ट्यूबभर पातळ सल्फ्युरिक ॲसिड आणि वरून थेंब थेंब परमँगनेट. इंडिकेटर लागत नाही, परमँगनेट स्वतःच रंग दाखवतं. पहिला फिकट गुलाबी रंग फ्लास्क हलवूनही अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. पुढे तो हळूहळू उडाला तरी त्याच्यामागे लागू नये. खालच्या पांढऱ्या टाइलवर फ्लास्क ठेवला तरच तो गुलाबी वेळेवर दिसतो. टाइलऐवजी कोरा कागदही चालतो.

आधी एक पायलट रीडिंग भराभर काढायचं. ते ९.६ च्या आसपास आलं, तर पुढच्या तीन वेळा ९ पर्यंत धार सोडायची आणि मग थेंबाथेंबाने जायचं. एक थेंब साधारण ०.०५ मिलीलीटरचा आणि ब्युरेट वाचता येते ०.१ पर्यंत, म्हणजे दोन थेंबांची चूक रीडिंगमध्ये दिसते. तीनपैकी जे रीडिंग जुळतं ते कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, सगळे सीबीआर म्हणतात ते. शेजाऱ्याचा सीबीआर बघून आपला लिहिण्याची प्रथा मोठी आहे, पण परीक्षेत शेजाऱ्याच्या बाटलीत वेगळ्या तीव्रतेचं द्रावण असू शकतं, हे लक्षात असू द्या.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हे: रीडिंग चुकलं तर ते कुठल्या बाजूला चुकलं ते बघायचं. जास्त आलं की संशयित चार-पाच असतात. ब्युरेट परमँगनेटने न धुतल्याने आत पाणी राहिलं, बुडबुडा निघून गेला, फ्लास्क मोहर सॉल्टने धुतला, सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलं (परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचं क्लोरीन करत बसतं आणि विनाकारण खर्च होतं), किंवा ॲसिड कमी पडलं. ॲसिड कमी पडल्याचं ओळखणं सोपं आहे, कारण फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा येतो. तो मँगनीज डायऑक्साइड. मँगनीज +७ वरून +२ पर्यंत उतरायच्या ऐवजी +४ वरच अडतं, पाचऐवजी तीनच इलेक्ट्रॉन घेतं, म्हणून परमँगनेट जास्त लागतं. कॉक भसकन उघडला तरी हेच होतं. रीडिंग कमी आलं तर चुकून नायट्रिक ॲसिडची बाटली उचलली गेली असावी, कारण ते स्वतःच फेरसला फेरिक (+३ लोह) करून टाकतं. नाहीतर मोहर सॉल्टचं द्रावण दोन दिवस उघडं पडलेलं असतं, हवेनेही फेरस कमी होतं. बाटलीतलं फिकट हिरवं पाणी पिवळसर दिसू लागलं की नवं मागून घ्यावं.

चौथ्या दुपारी तेच परमँगनेट, पण ऑक्झॅलिक ॲसिडबरोबर. रेणुवस्तुमान १२६, म्हणजे १०० मिलीलीटर ०.१ मोलरला १.२६ ग्रॅम. इथे फ्लास्क गरम करावा लागतो, ६० ते ७० अंशांपर्यंत. थर्मामीटर सगळ्यांना पुरत नाही. फ्लास्कच्या तोंडाशी वाफ दिसू लागली आणि तळाला हात जेमतेम लागतोय, अशा वेळी उतरवायचा. उकळू दिला तर ऑक्झॅलिक ॲसिड विघटित होऊन रीडिंग कमी येतं. पहिले दोन-तीन थेंब टाकल्यावर जांभळा रंग जातच नाही आणि मुलं घाबरतात. थांबा, हलवा. अभिक्रियेतून तयार होणारे मँगनीजचे +२ आयनच पुढच्या अभिक्रियेला वेग देतात, म्हणून सुरुवात रडत होते आणि मग रंग टाकल्या टाकल्या उडतो. शेवटाकडे फ्लास्क गार झाला असेल तर पुन्हा गरम करून घ्यावा. मोहर सॉल्टला मात्र गरम करायचं नाही. हवेने फेरस कमी होतं हे वर आलंच आहे, गरम केलं की ते आणखी भराभर होतं, आणि तोंडी परीक्षेत हा प्रश्न ठरलेला असतो.

मग गणित. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, आणि दोन वर्षं क्लासमध्ये फक्त पर्याय निवडलेल्यांचं घोडं इथेच अडतं. मोहर सॉल्ट ०.१ मोलर, १० मिलीलीटर, सीबीआर ९.६. एका परमँगनेटला पाच फेरस लागतात, म्हणून परमँगनेटची मोलॅरिटी = (१० × ०.१) ÷ (५ × ९.६) = १ ÷ ४८. लॉग ४८ म्हणजे १.६८१२. शून्यातून वजा केलं की बार २.३१८८ (डोक्यावर बार म्हणजे फक्त तो २ उणे), अँटिलॉग ०.०२०८३. एका लिटरमध्ये किती ग्रॅम हे काढायला १५८ ने गुणायचं: लॉग १५८ = २.१९८७, बेरीज ०.५१७५, अँटिलॉग ३.२९२. बारच्या बेरीज-वजाबाकीत चुकणाऱ्यांनी उत्तराचा अंदाज आधीच मनात ठेवावा. द्रावण साधारण ०.०२ मोलरचं असतं आणि लिटरला तीन-साडेतीन ग्रॅम येतात. उत्तर ३२.९ किंवा ०.३२९ आलं तर रसायन नाही, बार चुकलाय. ऑक्झॅलिकला प्रमाण २ ला ५ असतं. ते सूत्रात न घालता मोहर सॉल्टचंच सूत्र रेटलं तर उत्तर बरोबर निम्मं येतं. ०.०१ च्या आसपास काही दिसलं की तिकडे बघा.

पाचव्या ते आठव्या दुपारपर्यंत सॉल्ट ॲनालिसिस. पुडीत एक क्षार, त्यातला एक धन आयन आणि एक ऋण आयन ओळखायचा. बघून अंदाज बांधायचा मोह आवरत नाही, आणि रंग कधीकधी खरंच सांगून जातो: निळा म्हणजे तांबं, हिरवा म्हणजे निकेल किंवा फेरस, फिकट गुलाबी मँगनीज. पण पांढरा निघाला तर अर्धी यादी पुढ्यात उभी. म्हणून क्रम सोडू नये, आणि पेपरवर टेस्ट, ऑब्झर्वेशन, इन्फरन्स असे तीन रकाने आधीच आखून घ्यावेत. जी चाचणी नाही आली तीही लिहायची. ‘पांढरा अवक्षेप (द्रावणातून वेगळा होऊन खाली बसणारा साका) नाही, पहिला ग्रुप अनुपस्थित’ अशा ओळींनाही मार्क असतात.

मूळ द्रावण, म्हणजे ओएस, आधी गार पाण्यात करून बघायचं, मग गरम पाण्यात आणि नाहीच विरघळलं तर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये. इथे एक चूक दर वर्षी होत असणार: ओएस हायड्रोक्लोरिकमध्ये केलं आणि त्याच द्रावणात सिल्व्हर नायट्रेट टाकून क्लोराइड शोधलं. मिळणारच, आपणच घातलंय. तिचीच धाकटी बहीण म्हणजे नळाच्या पाण्याने धुतलेली टेस्ट ट्यूब. नळाच्या पाण्यातही क्लोराइड असतं आणि सिल्व्हर नायट्रेटने त्यातही धूसर पांढरेपणा येतो. खरा क्लोराइड दह्यासारखा फुटतो आणि अमोनियम हायड्रॉक्साइडमध्ये पूर्ण विरघळतो. ब्रोमाइडचा फिकट पिवळा अवक्षेप अर्धवट विरघळतो, आयोडाइडचा पिवळा विरघळतच नाही. शंका आली तर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरवर तीच चाचणी शेजारी करून ठेवा.

धन आयन कशाने खाली बसतात त्यावरून त्यांचे ग्रुप पाडलेले असतात आणि ते क्रमाने तपासायचे. ही ग्रुपची शिडी अशी. पातळ हायड्रोक्लोरिकने पांढरा अवक्षेप आला की शिसं. तो गरम पाण्यात विरघळतो आणि पोटॅशियम आयोडाइडने पिवळा होतो. तसं नसेल तर त्याच आम्लधर्मी द्रावणात किप्स ॲपरेटसमधून (वायू तयार करायच्या काचेच्या उपकरणातून) हायड्रोजन सल्फाइड सोडायचा. काळा आला तर दुसरा ग्रुप. तांबं असेल तर अमोनियाने गडद निळं होतं. द्रावणात फेरिक असेल तर हायड्रोजन सल्फाइडने पांढरट-पिवळा गढूळपणा येतो. तो सल्फाइड नसून नुसतं गंधक असतं. त्यावरून दुसरा ग्रुप ठोकून देणारे आमच्या बॅचमध्येच तिघे होते.

तिसऱ्या ग्रुपकडे जाण्याआधी द्रावण उकळून वायू पूर्ण घालवायचा. लेड ॲसिटेटचा कागद तोंडाशी धरा, तो काळा पडायचा थांबून पांढराच राहीपर्यंत उकळणं संपलं असं समजू नका. नाकावर विसंबू नका. हा वायू विषारी आहे आणि थोड्या वेळाने नाकाला त्याचा वासच कळेनासा होतो. मग दोन थेंब तीव्र नायट्रिक ॲसिड घालून पुन्हा उकळायचं, फेरसचं फेरिक व्हावं म्हणून. आता आधी अमोनियम क्लोराइड चांगलं भरपूर, मग अमोनियम हायड्रॉक्साइड. हा क्रम उलटला किंवा क्लोराइड कंजूषपणे टाकलं, तर हायड्रॉक्साइड आयन जास्त होतात आणि पुढच्या ग्रुपांचे धातू, अगदी मॅग्नेशियमही, इथेच खाली बसतात. लेखी परीक्षेतल्या आयनिक इक्विलिब्रिया या धड्यातला कॉमन आयन इफेक्ट तो हाच. तपकिरी अवक्षेप आला तर लोह, पोटॅशियम फेरोसायनाइडने गडद निळं करून खात्री करायची. ॲल्युमिनियमचा मात्र इतका पारदर्शक, जेलीसारखा असतो की उजेडासमोर धरला तर दिसत नाही. गडद दप्तरापुढे किंवा काळ्या ओट्यापुढे धरा.

चौथ्यात अमोनियाच्या उपस्थितीत पुन्हा हायड्रोजन सल्फाइड. पांढरा आला तर झिंक, मळकट गुलाबी तर मँगनीज, काळा तर निकेल किंवा कोबाल्ट. निकेलला डायमिथिल ग्लायऑक्झिम घातलं की गुलाबी-लाल रंग येतो, अख्ख्या ॲनालिसिसमधली सगळ्यात देखणी चाचणी. पाचव्यात अमोनियम कार्बोनेटने पांढरा अवक्षेप: बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम. तो ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळवून याच क्रमाने तपासायचं, आधी पोटॅशियम क्रोमेट (पिवळा, बेरियम), मग अमोनियम सल्फेट, मग अमोनियम ऑक्झॅलेट. क्रम मोडून आधी सल्फेट घातलं तर बेरियमही पांढरा देतो आणि तुम्ही स्ट्रॉन्शियम लिहून मोकळे होता. फ्लेम टेस्टचा आधार इथे चांगला मिळतो: बेरियम पोपटी, स्ट्रॉन्शियम किरमिजी, कॅल्शियम विटकरी. कशातच काही आलं नाही तर मॅग्नेशियम. आणि अमोनियमला या शिडीवर चढवायचंच नाही. तो मूळ क्षारावर सोडियम हायड्रॉक्साइड टाकून, गरम करून, आधीच बघून घ्यायचा. ग्रुप तपासताना आपण अमोनियमच ओतत असतो.

ऋण आयनांतली रडवणारी चाचणी म्हणजे नायट्रेटचं ब्राउन रिंग. फेरस सल्फेटचं द्रावण त्याच दिवशी केलेलं हवं. टेस्ट ट्यूब तिरकी धरून तीव्र सल्फ्युरिक ॲसिड भिंतीवरून सावकाश उतरवायचं आणि मग हलवायचं नाही, विचारायला सरांकडे घेऊनही जायचं नाही. कडं दोन थरांच्या मधोमध बसतं आणि हललं की संपलं. कार्बोनेट त्या मानाने भोळा, पातळ ॲसिड टाकताच फसफसतो आणि वायू चुन्याची निवळी दुधी करतो. सल्फेटला बेरियम क्लोराइडने पांढरा अवक्षेप, तीव्र हायड्रोक्लोरिकमध्येही न विरघळणारा.

नववी दुपार कार्बनी संयुगांच्या गटांची, दहावी उजळणीची. फिनॉलला फेरिक क्लोराइडने जांभळा रंग, आम्लाला सोडियम बायकार्बोनेटने बुडबुडे, अल्डिहाइडला टॉलेन्सच्या (चांदीच्या क्षाराच्या) द्रावणाने टेस्ट ट्यूबच्या आत चांदीचा आरसा. आरसा न येण्याचं कारण बहुधा तेलकट टेस्ट ट्यूब, आणि थेट ज्योतीवर गरम करणं हे दुसरं. गरम पाण्याच्या बीकरमध्ये ठेवून द्या.

जर्नल २० जानेवारीला जमा केलं आणि सही-शिक्क्यासह परत मिळालं २८ ला. आठ दिवस. सर्टिफाय झालेलं जर्नल नसेल तर परीक्षेला बसताना अडचण होते, म्हणून प्रत्येक प्रयोगाची सही त्याच दुपारी घेऊन ठेवा. एकदम पंधरा सह्या मागायला गेलं की आकृत्या पेनने काढल्यात, तारखा जुळत नाहीत, असं सगळं तेव्हाच निघतं. आजारपणामुळे तारीख चुकलीच तर ‘आऊट ऑफ टर्न’ची, म्हणजे ठरलेल्या तारखेनंतर परीक्षा देण्याची, विनंती कॉलेजमार्फत करायची असते. वैद्यकीय कागद त्याच आठवड्यात जमा करा.

३ फेब्रुवारीला हॉल तिकीट, जर्नल, एप्रन, लॉग टेबल. आमच्या बॅचला तीन तास होते. पुडी हातात आली की आधी अर्धा क्षार कागदात बाजूला काढून ठेवावा, कारण सांडला तर दुसरा मागणं अवघड जातं. मग ओएस गरम करायला ठेवायचं आणि ते विरघळेपर्यंत ब्युरेट धुऊन भरायची. टायट्रेशन पाऊण तासात होतं, सॉल्टला सव्वा तास धरा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ब्युरेटशी उभं राहूनच तोंडी घेतली: सल्फ्युरिकच का, इंडिकेटर का नाही, अमोनियम क्लोराइड आधी का. माझं पायलट आणि पहिलं रीडिंग यांत ०.४ चा फरक होता. परीक्षकांनी खाडाखोड न करता चारही आकडे तसेच ठेवायला सांगितले. सॉल्ट निघालं झिंक सल्फेट.

परमँगनेटचे तपकिरी डाग बोटांवरून लिंबाच्या फोडीने जातात. सिल्व्हर नायट्रेटचे काळे जात नाहीत, कातडीबरोबरच उतरतात. लेखी पेपरला बसलो तेव्हा उजव्या अंगठ्यावरचा अजून होता.